फॉर्मवरचा ‘नातं’ हा रकाना : नेर तालुका ते मस्कत आणि परत

मार्च २०२२ ते मार्च २०२४ अशी दोन वर्षं मी ओमानमध्ये इलेक्ट्रिशियन म्हणून काढली. मी समलिंगी आहे. यवतमाळ जिल्ह्यात, नेर तालुक्यात आमचं गाव आहे. माझा जोडीदार त्याच गावचा, आणि आम्ही बारा वर्षांपासून एकमेकांचे आहोत. जायच्या आधी मी रात्र-रात्र शोधलं की आपल्यासारखा कोणी आयटीआय झालेला, खेड्यातला माणूस आखातात राहून आला असेल तर त्याने काय लिहिलंय. सापडलं ते मोठ्या पगाराच्या, स्वतःचा फ्लॅट असलेल्या लोकांचं. सहा जणांच्या खोलीत कसं राहायचं, हे कुठेच नव्हतं. म्हणून हे लिहून ठेवतोय. नावं आणि गाव मुद्दाम सांगत नाही.

निर्णय पैशामुळे झाला. २०२० च्या खरिपात आमचं पाच एकरातलं सोयाबीन पाण्याने गेलं, पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, बोंडअळी आली. सोसायटीचं कर्ज थकलं, बहिणीचं लग्न समोर होतं. त्यात घरी माझ्या लग्नाचा विषय रोजचा झाला होता. आमच्याकडे दोन गडी एका आटाचक्कीवर झोपले तर गावात कोणी काही विचारत नाही. ‘लगन केव्हा करतं?’ हे मात्र किराणा दुकानापासून सलूनपर्यंत सगळे विचारतात. चक्की माझ्या जोडीदाराची आहे, गावाच्या तोंडाशी. दळण संपल्यावर आम्ही तिथेच बसायचो.

मी जायचं म्हटलं तेव्हा तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “दोन वर्षं ना? मंग जाय. पन तिकडं सांभाळून राह्यजो.” आणि गल्ल्यातले वीस हजार काढून दिले.

जून २०२१ मध्ये पासपोर्टचा अर्ज भरला. साधी फी १,५०० रुपये, अपॉइंटमेंट नागपूरची मिळाली. अर्जात परिसरातले दोन ओळखीचे लोक द्यावे लागतात. एक आमच्या शाळेचे गुरुजी दिले, दुसरा तो. पोलीस पडताळणीला जमादार आले, त्यांनी त्याला विचारलं, “याले किती वर्षांपासून ओळखता?” तो म्हणाला, “लहानपनापासून.” सही केली. आमच्या दोघांची नावं एका सरकारी कागदावर आली ती तेव्हा पहिल्यांदा. अर्ज केल्यापासून तेविसाव्या दिवशी पासपोर्ट पोस्टाने घरी आला.

एक गोष्ट इथेच सांगतो. दहावी पास असाल तर दहावीचं प्रमाणपत्र अर्जासोबत नक्की लावा. त्यामुळे पासपोर्ट ‘ईसीएनआर’ मिळतो आणि ओमानसारख्या देशात कामाला जाताना वेगळी इमिग्रेशन मंजुरी काढावी लागत नाही. आमच्या गावच्या एकाने ते लावलं नाही आणि त्याचे दोन महिने त्यातच गेले.

एजंटचं प्रकरण लांबलं. पहिल्याने नव्वद हजार मागितले, पावती नाही म्हणाला. मी त्याच्याकडून उठून आलो. परराष्ट्र मंत्रालयाचं ‘ई-मायग्रेट’ नावाचं पोर्टल आहे, त्यावर नोंदणीकृत एजंटांची यादी परवाना क्रमांकासह असते. नोंदणीकृत एजंटला कायद्याने जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी घेता येतो. मी मुंबईतला यादीतला एक शोधला, ३५,४०० रुपये दिले, पावती घेतली. आयटीआयच्या प्रमाणपत्राचं साक्षांकन आधी राज्याच्या पातळीवर झालं, मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा धरला जावा म्हणूनचा शिक्का. ओमान अपोस्टिल मान्य करतो, त्यामुळे वकिलातीची आणखी एक फेरी वाचली. यात चोवीस दिवस आणि ४,२०० रुपये गेले. पोलिसांचं पीसीसी, म्हणजे आपल्यावर गुन्हा नसल्याचा दाखला, ५०० रुपयांचं. मुंबईच्या खेपा धरून सगळा खर्च ५३ हजारांच्या आसपास झाला. तिकीट कंपनीने दिलं.

सगळ्यात जास्त भीती मेडिकलची होती. आखाती देशांसाठी ठरवून दिलेल्या केंद्रातच ती करावी लागते आणि त्यात एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, गुप्तरोग, छातीचा एक्सरे हे सगळं असतं. एचआयव्ही निघाला तर ‘अनफिट’, विषय संपला. आमचं दोघांचंच नातं होतं, काळजीचं तसं कारण नव्हतं, तरी आपल्यासारख्या माणसाच्या मनात ही तपासणी शिक्षेसारखी बसलेली असते. मी आधी ऑक्टोबरमध्ये जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यातल्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात गेलो. तिथे ही तपासणी फुकट होते, आधी समुपदेशन होतं आणि निकाल फक्त तुम्हालाच सांगतात. समुपदेशक ताईंनी विचारलं, “पुरुषांशी संबंध येतो का?” मी “हो” म्हटलं. त्यांनी मान हलवली, लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला. इतकंच. चक्कीच्या बाहेर मी हे पहिल्यांदा कोणाला तरी बोललो होतो. बाहेर येऊन लिंबाखालच्या ओट्यावर बराच वेळ बसलो. ज्यांना जिल्ह्याला जाणं जमत नाही त्यांनी १०९७ या सरकारी हेल्पलाइनला फोन करावा, जवळचं केंद्र सांगतात. नंतर मुंबईची मेडिकल ६,५०० रुपयांत झाली. तोवर निकाल मला माहीत होता, म्हणून हात थरथरले नाहीत.

कायदा मी स्वतः वाचला, तुम्हीही वाचा. आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने दंडसंहितेच्या कलम ३७७ मधला, समलिंगी संबंधांना गुन्हा मानणारा भाग रद्द केला. पण पासपोर्टसोबत आपला कायदा प्रवास करत नाही. ओमानच्या २०१८ च्याच दंडसंहितेत कलम २६१ आहे. समलिंगी संबंधांना सहा महिने ते तीन वर्षं कैद. आपल्या माणसाला पकडलं तर भारतीय दूतावास भेटू शकतो, वकिलाची माहिती देऊ शकतो, तिथला कायदा बाजूला ठेवू शकत नाही. हे मी त्याला चक्कीवर वाचून दाखवलं. तो म्हणाला, “तिकडं मले चुकूनही काही लिहू नोको.” तिथून पुढे आमच्या सगळ्या बोलण्याचा तोच नियम झाला.

फेब्रुवारीत व्हिसा आला आणि मी तालुक्याच्या बँकेत एनआरई खातं, म्हणजे परदेशात राहणाऱ्या भारतीयांचं खातं, उघडायला गेलो. माझी इच्छा होती की खातं दोघांच्या नावाने असावं, म्हणजे घरचं, शेतीचं, त्याचं, सगळं त्याला बघता येईल. अधिकारी चांगले होते. त्यांनी नियम काढून वाचला : एनआरई खात्यात भारतात राहणारी दुसरी व्यक्ती घ्यायची तर ती ‘नातेवाईक’ हवी. यादी वाचली. पती-पत्नी, आई, वडील, मुलगा, सून, मुलगी, जावई, भाऊ, बहीण. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाले, “हे तुमचे कोण?”

“मित्र.”

“मग नाही बसत भाऊ.”

आईचं नाव टाकलं. आई अंगठा लावते, म्हणजे प्रत्येक वेळी तिला बँकेत न्यावं लागणार होतं. तिला नेणार कोण, तर तोच, मोटरसायकलवर. दोन वर्षं त्याने ते केलं.

जायच्या आदल्या रात्री मोबाइल साफ केला. इतक्या वर्षांचे फोटो एका मेमरी कार्डवर घेतले. ते त्याने चक्कीच्या फळीवर, दगडाला टाकी लावायच्या छिन्नीशेजारी, तंबाखूच्या रिकाम्या डबीत ठेवलं. मोबाइलमध्ये त्याचं नाव ‘आटाचक्की’ केलं. मग बडनेऱ्याहून विदर्भ एक्सप्रेस, मुंबई, विमान, आणि तीन तासांत मस्कत.

पहिल्याच दिवशी कंपनीने फॉर्म दिला. तातडीच्या वेळी कोणाला कळवायचं : नाव, फोन, नातं. मी बहिणीचं नाव लिहिलं. तेव्हा वाटलं, एक रकाना आहे, काय फरक पडतो. त्यानंतर तिथली मेडिकल, पोलिसांकडे बोटांचे ठसे आणि रेसिडेंट कार्ड, या सगळ्याला अठरा दिवस लागले. तोवर कॅम्पबाहेर फिरू नका, असं सगळेच सांगत होते.

खोलीत तीन दुमजली पलंग. दोघे उत्तर प्रदेशचे, एक केरळचा, एक बांगलादेशी, करीमनगरचे एक वयस्क मेस्त्री आणि मी. पगार १५० रियाल, तेव्हाच्या भावाने तीस-बत्तीस हजार. जून ते ऑगस्ट दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावर काम बंद ठेवायचा तिथे नियम आहे. त्या तीन तासांत सगळे खोलीत पडलेले असायचे आणि सगळ्यात जास्त प्रश्न तेव्हाच यायचे. शादी हुई? क्यों नहीं हुई? घरवाली का फोटो दिखाओ.

बरेच जण अशा वेळी एखाद्या मुलीचा फोटो दाखवून ‘ठरलंय’ म्हणून मोकळे होतात. मी तसं केलं नाही, तुम्हीही करू नका असं मला वाटतं. त्या मुलीचं नाव, गाव, शिक्षण, साखरपुड्याची तारीख, सगळं लक्षात ठेवावं लागतं आणि दोन वर्षं त्यावर पांघरूण घालत बसावं लागतं. शिवाय फोटो कोणाच्या तरी लेकीचा असतो. मी जे खरं होतं तेच सांगितलं : बहिणीचं लग्न व्हायचंय, कर्ज आहे. घरच्या जबाबदारीचं कारण त्या खोलीत प्रत्येकाला समजत होतं, कारण प्रत्येक जण त्यासाठीच आला होता.

बाकीचं शिस्तीवर चालतं. डेटिंगची सगळी अ‍ॅप मी भारतातच काढून टाकली होती आणि तिथे एकही कधी टाकलं नाही. फोन कोणी मागितला तर हसत देता यावा, इतका रिकामा ठेवला. तिथे अशी माणसं असतील, मला एक-दोनदा नजरेने जाणवलंही, पण मी पुढे गेलो नाही. कोणाला याचं वाईट वाटेल. मला माझ्या परतीच्या तारखेशिवाय दुसरं काही नको होतं.

व्हॉट्सअ‍ॅपचा कॉल तिकडे लागत नसे, म्हणून तो आवाज रेकॉर्ड करून पाठवायचा. संध्याकाळी दळण चालू असताना चक्कीच्या आडोशाने बोलायचा. मागे पट्ट्याचा फट-फट आवाज, कोणी तरी म्हणतंय, ‘ज्वारी बारीक करजो बाप्पा’, आणि त्यात तो : पाऊस झाला का, तुरीला फूल आलं का, आईला बँकेत नेलं होतं, पाय दुखत होते तिचे. प्रेमाचा एक शब्द नाही, ठरलंच होतं तसं. मी ते कानाला लावून दोनदा ऐकायचो आणि पुसून टाकायचो. रोज. मेस्त्रींनी एकदा विचारलं, “हर रोज क्या सुनता है?” मी म्हटलं, “गाव की चक्की.” खोटं नव्हतं ते.

सप्टेंबर २०२२ च्या तिसऱ्या आठवड्यात आवाज यायचा बंद झाला. एक दिवस, दोन दिवस. आईला कसं विचारणार? त्याच्या घरी फोन करायला मी कोण? तिसऱ्या दिवशी बहिणीला फोन करून इकडचं-तिकडचं बोललो आणि सहज विचारल्यासारखं केलं, “चक्की चालू आहे का?”

“चक्की बंद आहे दादा. त्याले पान लागलं ना. धुऱ्यावर गवत कापत होता. तुले कोनी सांगतलं नाही?”

आमच्याकडे साप चावला असं म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. घोणस होती. आधी ग्रामीण रुग्णालयात नेलं, तिथून यवतमाळच्या सरकारी मेडिकल कॉलेजात. पाय मांडीपर्यंत सुजला होता, लघवीतून रक्त जात होतं. बहीण हे सगळं सांगत होती आणि मी ‘बरं, बरं’ म्हणत होतो, गावातल्या कोणाचंही ऐकावं तसं. फोन ठेवल्यावर पाय लटपटले. मेस्त्री पलंगावर बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, “रोना है तो छत पे जा. इधर सब देखते हैं.” त्यांना काय कळलं होतं, मी कधी विचारलं नाही. त्या रात्री माझं जेवण त्यांनी झाकून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी तातडीची सुट्टी मागितली. पहिला प्रश्न, पेशंट कोण? दुसरा, नातं काय? मी चुलतभाऊ म्हटलं. ते म्हणाले, आई, वडील, बायको, मूल यांच्यासाठी देतो, आणि त्याचाही दवाखान्याचा कागद लागतो. सुपरवायझर वाईट माणूस नव्हता. त्याच्यासमोर छापील यादी होती आणि आमचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं. सहाव्या दिवशी माझ्या जोडीदाराने दवाखान्यातून आवाज पाठवला. चार शब्द : “जिता आहो. घाबरू नोको.” तो एक मी पुसला नाही. ते धोक्याचं आहे की नाही याचा विचार केला नाही.

म्हणून जाणाऱ्यांना कळकळीने सांगतो : जायच्या आधी गावात एक तरी माणूस असा ठरवा, जो काही झालं तर तुम्हाला फोन करेल. त्याला सगळं सांगायची गरज नाही. ‘याचं काही कमी-जास्त झालं तर मला आधी कळव’ एवढं पुरतं. आम्ही कायद्याची, मोबाइलची, पैशाची तयारी केली आणि हेच राहिलं. त्यानंतर मी बहिणीला सांगितलं. ती थोडं थांबली आणि म्हणाली, “मंग मले त्याच्या घरचा नंबर देऊन ठेव.”

पुढचं वर्ष कामात गेलं. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाचा विवाहाचा निकाल होता. मंगळवार, मी एका इमारतीच्या गच्चीवर एसीची वायरिंग करत होतो. जेवणाच्या सुट्टीत कळलं. लग्नाचा मूलभूत हक्क नाही, यावर पाचही न्यायाधीश एकमताने. अशा जोडप्यांना कोणत्या सोयी देता येतील, हे केंद्राची समिती बघेल. रात्री खोलीत ही बातमी कोणी तरी मोठ्याने लावली, सगळे हसले, मी पांघरूण ओढून घेतलं. मला लग्नाचं एवढं नव्हतं. मला त्या यादीत एक ओळ हवी होती.

९ मार्च २०२४ ला घरी आलो. कर्ज फिटलं होतं, बहिणीचं लग्न जानेवारीत झालं होतं, मी ते व्हिडिओवर पाहिलं. तो बडनेऱ्याला घ्यायला आला होता. उजवा पाय अजून थोडा ओढतो. स्टेशनवर आम्ही इतर लोक भेटतात तसे भेटलो, त्याने बॅग घेतली आणि विचारलं, “च्या घेतं?”

कायमचे परत आलात की बँकेला कळवून एनआरई खातं साध्या निवासी खात्यात बदलून घ्यावं लागतं. मी एप्रिलमध्ये ते केलं. ऑगस्टच्या शेवटी बातमी वाचली. २८ ऑगस्ट २०२४ ला केंद्राच्या वित्तीय सेवा विभागाने स्पष्ट केलं, की समलिंगी व्यक्तींना जोडीदारासोबत संयुक्त खातं उघडायला आणि त्याला नॉमिनी करायला कोणतंही बंधन नाही. त्या आधी रिझर्व्ह बँकेने बँकांनाही तसं कळवलं होतं. खरं तर साध्या संयुक्त खात्याला आधीही बंदी नव्हती, कोणतीही दोन माणसं उघडू शकत होती. पण आपण विचारायलाच घाबरतो. ते पत्रक म्हणजे काउंटरसमोर उभं राहायला मिळालेला आधार.

तीन फेऱ्या झाल्या. १८ सप्टेंबरला साहेब रजेवर. ३ ऑक्टोबरला अधिकारी नवीन होते, त्यांनी पत्रक पाहिलं नव्हतं. मी मोबाइलवर दाखवलं तर म्हणाले, प्रिंट आणा. प्रिंट आधीच न्या, दोन नेल्या तर उत्तम. १४ नोव्हेंबरला आधार, पॅन, फोटो घेऊन दोघं गेलो. खात्याचा प्रकार ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असणारा’ असा मागा, म्हणजे एक गेला तरी दुसऱ्याला पैसे काढता येतात.

त्यानंतर त्याच्या जुन्या चक्कीच्या खात्याचा नॉमिनेशनचा फॉर्म भरायचा होता. त्यात नॉमिनीचं नाव, पत्ता, आणि मग रकाना : ‘ठेवीदाराशी नातं, असल्यास’. काउंटरवरच्या मुलीने पेन थांबवून विचारलं, “काय लिहू काका?” त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. टेबलाच्या काठावर बोटं ठेवली होती, नखांत पीठ होतं, आणि तो म्हणाला, “जोडीदार लिवा.” तिने लिहिलं. तिने ते चक्कीतला भागीदार या अर्थाने घेतलं की दुसऱ्या, मला माहीत नाही. शिक्का मारला आणि पोच दिली.

नवं पासबुक मी घरी आईच्या हातात दिलं. तिला वाचता येत नाही, दोन फोटो दिसले. बराच वेळ पाहून तिने ते सात-बाऱ्याच्या पिशवीत ठेवलं आणि दळणाचा डबा माझ्याकडे सरकवला.

अजून मृत्युपत्र राहिलंय. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, पैसे नॉमिनीच्या हातात येतात पण हक्क वारसांचा. चक्कीची जागा आणि माझ्या वाट्याचं शेत यांचं लिहून ठेवल्याशिवाय उपयोग नाही. दुय्यम निबंधकाकडे मृत्युपत्राची नोंदणी फी १०० रुपये आहे, मुद्रांक लागत नाही, वकिलाने मसुद्याचे दोन हजार सांगितलेत. दोन साक्षीदार लागतात. ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्ष देऊ नये म्हणतात, म्हणून आम्हाला बाहेरचेच दोघे हवेत. एक बहिणीच्या नवऱ्याने होकार दिलाय. दुसऱ्यासाठी येत्या रविवारी गुरुजींकडे जाणार आहोत.